चमनच्या वडापला नवा फिल्टर

चमन जमादारला गाडी चालवायचा कंटाळा आला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गडमुडशिंगीत ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला नाही, पोराला नाही, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, रोज त्याच्याच गाडीतून कोल्हापूरला जाणाऱ्या मलाही नाही. उलट चमनचा जीव गाडीत आहे, गाडी गेली तर चमनही जाईल, असं सगळं गाव छातीठोकपणे सांगायचं. मीही सांगायचो.

गाडी म्हणजे वडाप. ठरलेल्या रस्त्यावर माणसं भरभरून नेणारी जीप. एसटीला वेळ असते, वडापला नसते; भरली की निघाली. चमनचा बाप कोल्हापुरात टांगा हाकायचा आणि म्हातारपणी टांग्यावरच गेला. चमननं मिसरूड फुटलं तेव्हापासून स्टिअरिंग धरलं ते सोडलंच नाही. दोन जुन्या जीपा त्यानं झिजवून भंगारात घातल्या आणि लॉकडाऊन उठल्यावर ही तिसरी घेतली. वडापची गाडी लवकर म्हातारी होते. सीटांचा स्पंज बाहेर आला, दारं ओढून लावावी लागायला लागली, मागच्या काचेवर कुणाच्या तरी पोरानं खिळ्यानं बदाम काढून ठेवला. तरी गाडी चालत होती आणि चमन चालवत होता.

हा धंदा एका खोट्यावर चालतो. भरल्याशिवाय गाडी निघत नाही आणि निघतेय असं वाटल्याशिवाय माणूस आत बसत नाही. म्हणून स्टॉपवर इंजिन चालूच ठेवायचं, पायानं घुर्र घुर्र करायचं. एखादी बाई पिशवी घेऊन लांबून येताना दिसली की गाडी दोन हात पुढं घ्यायची. ती बिचारी धापा टाकत येऊन बसली की तेवढीच मागं घ्यायची. "कवा निघनार रं?" असं कुणी विचारलं की चमन म्हणायचा, "निघालीच की!" आणि पुन्हा घुर्र. बसणाऱ्यांना हे खोटं आहे ते चांगलं माहीत असतं. तरी बंद गाडीत कुणी चढत नाही. इतकी वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून जातोय, पण मीसुद्धा बंद गाडीत कधी चढलेलो नाही.

जुन्या जीपांना हे खपून जायचं. त्या काळा धूर ओकायच्या आणि गुमान चालायच्या. ही नवी जात नाजूक निघाली. हिच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो, त्याला फिल्टर म्हणतात. धुरातली काजळी तो आत धरून ठेवतो. गाडी लांब पल्ल्याला तापून पळाली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. पण आमचा रस्ता केवढा? गडमुडशिंगी ते कोल्हापूर, त्यात निम्मा वेळ स्टॉपवर घुर्र घुर्र. फिल्टर भरत गेला. एकदा धुऊन आणला, काही महिने बरे गेले. मग पुन्हा समोरचा पिवळा दिवा लागला, आणि चमननं त्यावर जुन्या कॅलेंडराचा तुकडा चिकटवला. दिवा दिसला की बायका घाबरतात, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या दिवसांत तो दमलेला दिसायचा, हे मी नाकारत नाही. क्लच दाबून दाबून डावा गुडघा सुजायचा. स्टॉपवर ओरडायचं काम तो आता दुसऱ्या ड्रायव्हरांवर सोडायचा. सकाळी गाडी पुसायला घ्यायचा ती पुसतच राहायचा. तेच बॉनेट, तोच आरसा, पुन्हा पुन्हा. त्याची बायको लालबी दारातून म्हणायची, "बघा की ज्ञानूभाऊ, ही माझी सवत. मला कवा असं पुसलं न्हाय!" आम्ही हसायचो. तो लाडानं पुसतोय असं आम्हाला वाटायचं. खरं तर तो निघायचं लांबवत होता. चालवायची हौस असलेला माणूस इतका वेळ पुसत बसत नाही, एवढंही आमच्या टाळक्यात आलं नाही.

एका सकाळी उचगावच्या पुलावर गाडीनं जीवच सोडला. म्हणजे बंद पडली नाही, पण चढणीला बैलगाडीसारखी चालायला लागली. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून कान फोडू लागले. पुढच्या सीटवर तानाबाई बसलेली होती. ती आमच्या गावची, भाजी विकते, आणि खिडकीजवळची ती सीट तिच्या बापजाद्यांची असल्यासारखी अडवते. ती म्हणाली, "चमन, उतरून ढकलू काय रं?" चमननं गाडी कडेला घेतली, सगळ्यांना दुसऱ्या वडापात बसवलं, आणि इंजिन बंद केलं. मी जाता जाता वळून पाहिलं तेव्हा तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसला होता. मला फार वाईट वाटलं. वाटलं, गड्याचं सगळं संपलं.

गाडी उद्यमनगरात सम्राटच्या गॅरेजला गेली. सम्राट तरणा आहे, कामाला चोख आहे आणि तोंडाला फटकळ. फिल्टर आतून फुटलाय, आता धुऊन उपयोग नाही, असं त्यानं सांगितलं. "चाचा, तुमची गाडी पळतीया कमी आनि गुरगुरतीया जास्त," तो म्हणाला. "कुठला फिल्टर टिकंल? आता नवाच घालाय लागतोय."

स्टॉपवरच्या ड्रायव्हरांनी वेगळा सल्ला दिला. डबा कापायचा, आतली जाळी काढून टाकायची, पोकळ डबा पुन्हा वेल्डिंग करून बसवायचा. बरेच जण तसं करतात. गाडी मग वाऱ्यासारखी पळते आणि मागच्या माणसाच्या तोंडाला काजळी फासते. चमननं दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे गाडी हितंच. बघू."

आणि तो घरी येऊन झोपला. उठला, जेवला, पुन्हा झोपला. दुपारी अंगणातल्या बाजेवर उताणा पडून आभाळाकडं बघायचा. माणसं त्याला भेटायला यायला लागली, अगदी कुणी गेल्यावर समाचाराला येतात तशी. यायची, हळू आवाजात विचारायची, "गाडी ऱ्हायली म्हनं?" मग चहा घ्यायची, उसासा टाकायची, आणि जाताना लालबीला बाजूला घेऊन सांगायची, "जपा त्येंला. लई मनाला लावून घेतलंय." तानाबाई तर पदर डोळ्याला लावून गेली. लालबीनं धास्ती घेतली. ती मला म्हणाली, "ज्ञानूभाऊ, ह्येंचं काय खरं न्हाय. बोलतच न्हाईत. निसती झोप."

"तोहिदला बोलवून घ्या," मी म्हणालो.

तोहिद त्याचा एकुलता एक पोरगा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखान्यात चांगल्या कामाला आहे, लग्न होऊन तिकडंच राहतो, बापावर घर चालावं अशी काही गरज उरलेली नाही. तो रविवारी आला, बापाशेजारी बाजेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि तोंड पाडून माझ्याकडं आला. "काका, अब्बा खचल्यात वो. काय बी करून गाडी सुरू करतो." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. शाब्बास म्हणालो! पोरगा असावा तर असा, असंही म्हणालो.

नवा फिल्टर कोल्हापुरात मिळेना. तोहिदनं रजा काढली, पुण्याला जाऊन स्वतः डबा घेऊन आला, मांडीवर धरून एसटीनं. बापाला यातलं काही कळू दिलं नाही. सम्राटला फोन करून दिवस ठरवला आणि त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "अब्बा, उद्यमनगरला जाऊन यायचंय. गाडीचा काय तो निकाल लावूया."

चमन चटकन उठला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मलाही हाक मारली. "चल ज्ञानू, गाडीचं हुईल ते बघून येऊ." रस्त्यानं तो बोलत होता, हसत होता. कळंब्याच्या तळ्यावर एकदा सकाळचं फिरायला जायला पाहिजे, असं काहीतरी म्हणाला. मला वाटलं, बिचारा उसनं अवसान आणतोय.

गॅरेजात गाडी जॅकवर उचललेली होती. खाली जुना फिल्टर पडला होता, गंजलेला आणि तांबूस काळा. सम्राटनं तो उचलून फरशीवर आपटला, तसा काजळीचा आणि फुटक्या जाळीच्या तुकड्यांचा ढीग पडला. आणि गाडीच्या पोटाखाली नवा डबा चकाकत होता. शेवटचे दोन नट तेवढे आवळायचे राहिले होते.

"अब्बा," तोहिद म्हणाला, आणि त्यानं त्या डब्याकडं बोट केलं. त्याचे डोळे भरून आले होते.

मी चमनकडं बघितलं. त्याचा चेहरा असा उतरला, की जणू कुणी वाढलेलं ताट समोरून ओढून नेलं. क्षणभरच. मग त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं केलास." दोनदा म्हणाला. आम्ही सगळे समजलो की त्याला आनंदानं भरून आलंय. सम्राटनं तर चहा मागवला.

चहा झाल्यावर सम्राटनं दिव्यावरचा कॅलेंडराचा तुकडा ओरबाडून काढला, लॅपटॉप जोडून गाडीच्या संगणकाला नवा फिल्टर कळवला आणि चमनला सांगितलं, "चाचा, आता हायवेला घाला. कागलच्या पुढनं वळून परत या. एका चालीनं पळवायची. मधी कुठं थांबायचं न्हाय, बंद करायची न्हाय. सगळं एकदा तापून बसलं की काळजी मिटली. आनि कुनी हात केला म्हनून ब्रेक दाबला तर बघा!"

चमन चालवायला बसला, तोहिद त्याच्या शेजारी, मी मागं. गाडी खरंच गुण्यानं चालत होती. उजळाईवाडी गेली, गोकुळ शिरगाव गेलं. तोहिद सारखा समोरच्या दिव्यांकडं बघायचा आणि खूश होऊन बापाकडं बघायचा. चमन समोर बघत होता. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, आणि रिकाम्या सीटांच्या गाडीत मला फार चमत्कारिक वाटत होतं.

कणेरीच्या फाट्यापुढं रस्त्याच्या कडेला तानाबाई उभी. तिची लेक तिकडं दिलेली आहे, बहुतेक तिला भेटून निघाली असावी. डोक्यावर गाठोडं होतं. तिनं लांबूनच गाडी ओळखली, तोंडभर हसली आणि हात वर केला.

चमनचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी मंदावली.

"अब्बा, थांबायचं न्हाय," तोहिद म्हणाला.

"अरं, तानाबाई हाय."

"असू दे की. मी सांगतो तिला. पळवा."

गाडी तिच्यासमोरून गेली. मी मागच्या काचेतून बघितलं. तिचा हात तसाच वर राहिला होता आणि तोंड उघडं होतं. मी उगीचच तिच्याकडं बघून हात हलवला. आता ही बाई गावभर काय काय सांगेल, याचाच विचार मी करत होतो.

तानाबाई दिसेनाशी झाली. मग चमन म्हणाला, "तोहिद, हात दिसला आनि मी थांबलो न्हाय. आयुष्यात पैल्यांदा."

"त्याला काय हुतंय अब्बा? समजंल तिला."

"ऐक की. वाईट वाटाय पायजे हुतं. मला वाईट वाटलं न्हाय." त्याचा आवाज बारीक झाला. "बरं वाटलं रं. लई बरं वाटलं."

"म्हंजे?"

"म्हंजे मला गाडी न्हाय चालवायची आता."

तोहिद हसला. "दमला असशीला आज. ऊन बी हाय."

"आज न्हाय दमलो. लई दिस झालं दमलोय." चमनची नजर रस्त्यावरच होती. गाडी एका चालीनं पळत होती, जशी सम्राटनं सांगितली होती. "पुलावर ऱ्हायली तवा सुटलो म्हटलं. गाडी आपसूक थांबली, आता कुनाला काय सांगाय नगं. ते चार दिस असा झोपलो, की लहानपनी बी कवा झोपलो नसंन."

"मग गॅरेजात का न्हाय बोलला? मी पुन्यासनं आनलो ह्यो..."

"तू मांडीवर धरून आनलास. काय बोलू?"

मला उतरायचं होतं. बापलेकाच्या असल्या बोलण्यात तिसऱ्यानं बसू नये, एवढी अक्कल मला आहे. पण गाडी थांबवायची सोय नव्हती. मी उसाच्या फडांकडं बघत बसलो.

"आदी तरी सांगायचं," तोहिद म्हणाला. "घरात कुनी न्हाय म्हटलं असतं काय?"

"कसं सांगू? जो येतोय त्यो म्हनतोय, चमनचा जीव गाडीत हाय. तुजी अम्मी त्येच म्हनती. ह्यो ज्ञानू मागं बसलाय, ह्यो बी त्येच म्हनतोय. आयकून आयकून मला बी वाटायचं, असंल बाबा. मग सकाळी उठून फडकं घ्यायचो."

तोहिदनं तोंड खिडकीकडं केलं आणि कागल येईपर्यंत तसंच ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. चमनला एक हात काढून त्याच्या पाठीवर ठेवावासा वाटत होता, हे मला मागून दिसत होतं. एकदा हात उचलला, पण गियर बदलायची वेळ आली आणि हात गियरवर गेला. कागलच्या पुढं वळण घेतलं आणि आम्ही तसेच, न थांबता, परत निघालो. दिवा लागला नाही. फिल्टर झकास बसला होता.

घरापुढं ही गर्दी! लालबीला तोहिदनं आधीच फोन करून ठेवला होता, गॅरेजातून, आनंदाच्या भरात. तिनं मीठमिरची तयार ठेवली होती. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, कुणीतरी पेढ्यांचा पुडा आणला होता. गाडी थांबली तशी लालबीनं बॉनेटवरून मीठमिरची ओवाळली आणि चमन खाली उतरताच त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "आता धा वर्सं बघाय नगं, चमनभाई!" कोपऱ्यावरचा किराणावाला ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चमन तोंडातला पेढा चावत उभा राहिला, आणि मला वाटलं, झालं. हा आता पुन्हा "व्हय की" म्हणणार, आणि उद्या सकाळी फडकं घेणार.

तोहिद बापापुढं येऊन उभा राहिला. "अम्मी, अब्बा उद्यापासनं गाडीवर न्हाई जानार. गाडी विकायची."

टाळ्या थांबल्या. किराणावाल्याला वाटलं चेष्टा चाललीय, तो हसला, आणि कुणी हसत नाही असं बघून गप्प झाला. लालबीच्या हातात अजून मिरच्या होत्या. ती चमनकडं बघत राहिली.

"व्हय?" तिनं विचारलं. "तुमी म्हनलासा असं?"

चमननं पेढा गिळला. सगळ्या गल्लीसमोर, मान खाली न घालता, तो म्हणाला, "व्हय, लालबी. दमलो मी. लई दमलोय."

आता ही रडणार किंवा भांडणार, असं मला वाटलं. लालबी गाडीच्या पायरीवर मटकन खाली बसली. मिरच्या तिनं बाजूला टाकल्या, पदरानं तोंड पुसलं.

"एवढी वर्सं कोंबडं आरवायच्या आदी उठून तुमच्या भाकरी थापतोय," ती म्हणाली. "हाताला चटकं, डोळ्यात धूर. रोज वाटायचं, आज निजून ऱ्हावं. पर तुमचा जीव गाडीत, म्हनून उठायचो. मी बी दमलोय की वो."